उजव्या बाजूनं दोन बोटं लांब

“गड किती लांब आहे इथनं?” शिऱ्याची बशी खाली ठेवत मुलाच्या आत्याबाईंनी विचारलं.

दादा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, कुठला गड. साताऱ्यात बसून कुठला गड, असं विचारणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. खिडकीतून अजिंक्यतारा आख्खा दिसत होता, त्याच्यावरचा तटसुद्धा. आत्याबाईंनी नुसती हनुवटी उचलून तिकडे दाखवलं आणि म्हणाल्या की एवढं आलोच आहोत तर वर मंगळाईचं दर्शन घेऊ, भाचा मधू आणि मुलगी बरोबर चालतील, दोन शब्द बोलतील, ऊन व्हायच्या आत परत येऊ. झालं. दादांचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला. आई स्वयंपाकघराच्या दारात हातातलं उलथनं तसंच धरून उभी राहिली.

आता अडचण काय होती ते आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

आम्ही हेंद्रे, जातीनं आणि धंद्यानं शिंपी. मंगळवार पेठेत दादांचं दुकान. माझी थोरली बहीण कुमुद, आम्ही सगळे तिला अक्का म्हणायचो. ती सहा वर्षांची असताना माळ्यावरून पडली, मांडीचं हाड मोडलं, ते जुळलं पण उजवा पाय दीड इंच आखूड राहिला. बाकी अक्का म्हणजे काय सांगू, रंगानं, नाकीडोळी माझ्यापेक्षा शंभर पटीनं उजवी. पण चालायला लागली की उजवीकडे खचायची आणि पुन्हा वर यायची. तोवर दोन स्थळं येऊन गेली होती. दोन्ही वेळा “मुलीला जरा चालून दाखवू दे” झालं, अक्का बैठकीच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालली, आणि दोन्ही वेळा आठ दिवसांनी पत्रिका जुळत नसल्याचं कार्ड आलं.

तिसऱ्या खेपेला दादांनी ठरवलं की आता चालणं नाहीच. दादा म्हणजे अंगातलं व्यंग कापडात मुरवणारा माणूस. एका वकिलाचा डावा खांदा उतरता होता, त्याचा कोट दादांनी असा शिवला होता की त्याच्या बायकोला म्हणे लग्नानंतर वर्षभर पत्ता लागला नाही. तीच करामत त्यांनी अक्कावर केली. चांभाराकडून उजव्या पायाची चप्पल आतून दीड इंच भरून घेतली. तो जाड तळवा दिसू नये म्हणून परकर उजव्या बाजूनं दोन बोटं लांब शिवला आणि साडी त्या बेतानं नेसायला लावली. पंधरा दिवस अक्का परसात त्या चपला घालून चालत होती आणि मी परीक्षा घेत होते. लांबून बघणाऱ्याला काही म्हणजे काही कळत नव्हतं. घरात चपला चालणार नाहीत, म्हणून पाहुणे यायच्या आधीच तिला सतरंजीवर बसवायचं, शिरा-पाणी मी फिरवायचं आणि पाहुणे उठून अंगणात जाईपर्यंत तिनं उठायचं नाही, मग मागल्या दारानं चपला घालून निरोपाला यायचं, असा सगळा बेत. मध्यस्थाला दादांनी सांगून टाकलं होतं, आमच्यात मुलीला चालवत नाहीत.

आणि हे सगळं नीट पार पडत आलं होतं, तर हे गडाचं निघालं.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. साल अठ्ठ्याहत्तर, माघाचा महिना. खोटं कशाला बोलू, त्या लग्नात माझाही जीव अडकला होता. मला पुण्याला नर्सिंगच्या कोर्सला जायचं होतं, फॉर्म माझ्या उशीखाली होता, आणि दादांचं एकच पालुपद, आधी अक्काचं होऊ दे. अक्काचं झालं की माझी सुटका. म्हणून त्या दिवशी सकाळपासून माझा पाय एका जागी ठरत नव्हता.

पाहुणे अंगणात उतरल्यावर मी अक्काला परसदारी नेलं, चपला घालायला लावल्या आणि बोळातून वळसा घालून अंगणात आणलं. ती शांत होती. मी तिच्या कानात म्हटलं, माझा हात सोडू नकोस, मी उजव्या अंगाला राहते. ती म्हणाली, “तू आधी श्वास घे.”

आई स्वयंपाकासाठी घरी राहिली. आम्ही पाच जण निघालो. पुढे दादा आणि आत्याबाई, मागे मुलगा, त्याच्यामागे आम्ही दोघी. मुलाचं नाव मधुसूदन पुकाळे, फलटणला हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर. आईबाप लहानपणीच गेलेले, या आत्यानं शिवणकाम करून वाढवलेला. उंच, वाकून चालणारा, दिसायला बरा, बोलायला मात्र पैसे पडतात की काय असा. अर्ध्या रस्त्यात त्यानं अक्काला एकच प्रश्न विचारला, तुम्हाला चित्रं आवडतात का. अक्का म्हणाली, मला कापड कापायला आवडतं. त्यावर तो हसला आणि चालत राहिला. मला त्याचा कान धरून हलवावासा वाटत होता.

सातारकरांना ती चढण माहीत आहे. गावातनं निघालं की घरं संपतात, मग डांबरी रस्ता डोंगराला वळसे घालत वर जातो, एका अंगाला कातळ आणि दुसऱ्या अंगाला खाली गाव. प्रत्येक वळणावर गाव जरा जास्त दिसतं. एरवी मी त्या रस्त्यानं पळत गेले असते. त्या दिवशी मी पावलं मोजत होते. अक्का व्यवस्थित चालत होती, पण चढावर चपलेचा जाड तळवा मागे राहायचा, आणि दर वळणाला साडीची उजवी कड धुळीत घासायची. मी हळूच वाकून ती उचलायची, झाडायची, पुन्हा सोडायची. मध्येच पुढे पळत जाऊन आत्याबाईंना खालचा राजवाडा दाखवायचा, म्हणजे त्या मागे वळून बघणार नाहीत. पुन्हा मागे यायचं. पुन्हा पुढे. एकदा दादांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जमिनीत जावं.

चारभिंती स्मारकाच्या फाट्यापाशी आत्याबाई कठड्यावर टेकल्या. नऊवारी लुगडं, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, बोटांना सुयांचे घट्टे. त्यांनी पदरानं कपाळ पुसलं आणि दादांना म्हणाल्या, “हेंद्रे, चढावर माणूस दमतो आणि दमला की खरं बोलतो. काही बोलायचं असलं तर बोलून घ्या.”

दादा हसले. खोटं हसले. म्हणाले, आपलं बोलायचं काय, सगळं उघडं आहे तुमच्यासमोर. आणि लगेच इचलकरंजीच्या पॉपलीनचा दर्जा कसा घसरलाय ते सांगत बसले. आत्याबाईंनी ते सगळं ऐकून घेतलं. मग त्या भाच्याला घेऊन जरा बाजूला गेल्या, खालचं गाव दाखवल्यासारखं करून काहीतरी बोलल्या आणि परत आल्या.

मी म्हटलं, आता ऊन वाढतंय, आईचा स्वयंपाक निवेल, इथनंच हात जोडले तरी देवीला पोचतात. आत्याबाई म्हणाल्या, “देवीला पोचतील गं. माझं पोचायचं राहील.”

मग अजून तीन वळणं. गडाचा दरवाजा दिसायला लागला तसं मला जरा बरं वाटायला लागलं. सगळ्यात अवघड रस्ता संपला होता, कोणाला काही कळलं नव्हतं. आत देवळापर्यंत सपाटीच, आणि उतरताना तर काय, उतारावर सगळेच वेडेवाकडे चालतात. मी अक्काचा हात दाबला. तिनंही दाबला. तिचा तळहात घामानं ओला होता.

आणि दरवाजाच्या पायरीपाशी आत्याबाई थांबल्या, एक हात भिंतीला टेकवून त्यांनी पायातल्या चपला काढल्या.

“आमच्यात देवीच्या गडावर दरवाजापासून पुढं पायात काही घालत नाहीत,” त्या म्हणाल्या. “तुमची काही सक्ती नाही. पण येणारी सून आमच्या रीतीनं आली तर बरं वाटेल.”

मुलानं चपला काढल्या. दादा चपलेच्या पट्ट्याशी खेळत उभे राहिले, जणू त्यांना तो काढताच येत नव्हता. अक्कानं माझ्याकडे बघितलं.

मला त्या क्षणी काय सुचलं म्हणाल, तर मी पडले. खरंच पडले. पायरीवर बसकण मारली, डावा घोटा दोन्ही हातांनी धरला आणि कळवळले. पाय मुरगळला म्हणाले, आई गं म्हणाले, मला चालवत नाही म्हणाले. माझा हिशोब सरळ होता. एक पोर जायबंदी झाली की सगळी वरात परत फिरणार, खाली रिक्षा बघणार, दर्शन राहणार. दादांचा चेहरा एकदम उजळला. आपल्या पोरीचा पाय मुरगळल्यावर एवढा खूश झालेला बाप मी पुन्हा पाहिला नाही.

आत्याबाई माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. अंगठ्यानं घोटा दाबून बघितला, चारी बाजूंनी. म्हणाल्या, सूज नाही, शीर चढली असेल, बसून राहिलीस तर आखडेल. “ऊठ. चार पावलं चाल बघू.”

मी उठले आणि चालले.

आता तुम्ही सांगा, ज्या माणसाला आयुष्यात कधी लंगडायची वेळ आली नाही तो लंगडणार कसा? मी जन्मल्यापासून एकच लंगडं चालणं पाहिलेलं. सतराशे साठ वेळा पाहिलेलं. त्याच्या मागे मागे चालत मोठी झालेले. माझ्या पायांनी तेच केलं. उजवीकडे खचले, कंबर वळली, डावा खांदा वर गेला, मान जराशी कलली, उजवा हात आपोआप मांडीवर गेला, आणि पुन्हा वर आले. एक, दोन, तीन, चार. हुबेहूब. मला स्वतःला कळलंही नाही. चार पावलं झाल्यावर मी मागे वळले.

अक्का माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे मोठे झाले होते. आमच्या घरात आरसा होता तो चेहऱ्यापुरता, दुकानातला मोठा होता त्याच्यापुढे तिला कोणी चालू दिलं नव्हतं. चोवीस वर्षांत तिनं स्वतःला चालताना पाहिलं नव्हतं.

“मी अशी दिसते होय गं?” ती म्हणाली.

तिथं त्या तिघांसमोर. मोठ्यानं नाही, मला नुसतं विचारावं तसं.

“नाही गं अक्का,” मी म्हटलं. “छे. अशी कुठं.”

आत्याबाई गुडघ्यावर हात टेकवून उठल्या. त्या मला म्हणाल्या, “पोरी, तू धरला होतास डावा पाय.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी दादांकडे बघितलं तर ते दरवाजाच्या दगडांकडे बघत होते, जणू ते दगड आजच बसवलेत. अक्का मात्र खाली वाकली. तिनं डावी चप्पल काढली, मग उजवी काढली, आणि दोन्ही आत्याबाईंच्या चपलांशेजारी नीट लावून ठेवल्या. एक पातळ, एक विटेएवढी जाड. झाकायचा काही प्रयत्न तिनं केला नाही. जाड तळवा तोंडासमोर येईल अशीच ठेवली.

ती एक पाऊल चालली आणि अडखळली. पाय दीड इंच खाली आला आणि परकर मुळातच दोन बोटं लांब, त्यामुळे उजव्या अंगाचं सगळं कापड पायाखाली यायला लागलं. दादांची सगळी कारागिरी तिच्या पायात येत होती. मी धावले. तिनं मला हातानंच थांबवलं. मग साडी आणि परकर दोन्ही उजव्या बाजूनं उचलून तिनं कमरेला खोचलं, पार घोट्याच्या वर, शेतातल्या बायका खोचतात तसं, आणि ती चालायला लागली. सगळ्यांच्या पुढे. खचत, वर येत, खचत, वर येत. आम्ही चौघं तिच्या मागे. माझा पाय बरा झाला का, हे कोणीही विचारलं नाही.

दरवाजापासून मंगळाईच्या देवळापर्यंत बरंच चालावं लागतं. वाळलं गवत, बारीक खडे, मध्येच पडकी जोती. ती कुठं थांबली नाही. मी मागून चालताना आतून नुसती उकळत होते. झालं, गेलं हे स्थळ, गेलं माझं पुणं, आणि हे सगळं माझ्या चार पावलांमुळे. मला अक्काची दया येत होती आणि तिचा रागही येत होता. दोन्ही खरं आहे.

दर्शन झालं. आत्याबाईंनी देवीपुढे नारळ ठेवला, अंगारा घेतला, आणि आम्ही तटाकडे आलो. खाली सगळा सातारा पसरला होता. राजवाडा, तळी, कौलं, शाळेचं मैदान, पलीकडे यवतेश्वराचा डोंगर. आत्याबाई तटाच्या दगडावर बसल्या. त्यांनी अंगाऱ्याचं बोट अक्काच्या कपाळाला लावलं आणि दादांना म्हणाल्या, “मुलगी आम्हाला पसंत आहे.”

दादांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी हात जोडले आणि ते घळाघळा रडायला लागले. म्हणाले, माझं चुकलं, बापाचं काळीज आहे, फसवायचं नव्हतं हो मला. आत्याबाई म्हणाल्या, फसलं कोण? तुमच्या अंगणातच दिसलं मला. साडी एका अंगानं माती झाडत होती आणि दुसऱ्या अंगाला घोट्यावर होती. असा परकर कोणी चुकून शिवत नाही. “तुम्ही शिंप्याला परकर दाखवून फसवायला निघालात, हेंद्रे. मी चाळीस वर्षं शिलाई मारतीये.”

दादा रडता रडता हसले. मलाही हसू फुटलं, सुटल्यासारखं झालं. एवढं साधं कसं आम्हाला सुचलं नाही? साऱ्या जगाला फसवणारा परकर दादांनी शिवला, आणि तो नेमका शिंप्याच्याच घरी पाठवायचा होता, हे विसरून गेले.

“पायाचं मला काही नाही,” आत्याबाई पुढे म्हणाल्या. “मला खोट्याचं होतं. मुलीला चालवत नाहीत असा तुमचा निरोप आला तेव्हाच शंका आली. म्हटलं, वर नेते, रस्ता लांब आहे, कोणीतरी बोलेल. तुम्ही बोलला नाहीत. ही धाकटी तर नाटकं करायला लागली. पण हिनं दाखवलं. मला माणूस कळला.”

मी डोळे पुसले. मनात पुण्याची एस.टी. सुटलीसुद्धा.

अक्का तटाला टेकून उभी होती. खोचलेली साडी तशीच. तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला खडा लागून रक्त आलं होतं, ते मला तेव्हा दिसलं. ती म्हणाली, “अंगणातच दिसलं होतं तुम्हाला?”

“हो गं.”

“मग अंगणातच विचारायचं.”

आत्याबाई अंगाऱ्याचं बोट पदराला पुसायला लागल्या.

“तासभर चालवलंत मला. मी प्रत्येक वळणाला मरत होते. तुम्ही बघत होतात.” तिचा आवाज चढला नव्हता. मग ती मुलाकडे वळली. इतका वेळ तो तटाच्या चिऱ्यांवर नखानं काहीतरी रेघोट्या ओढत होता. “तुम्हालाही माहीत होतं?”

त्यानं मान हलवली. म्हणाला, आत्यानं सांगितलं, चारभिंतीपाशी.

“मग?”

त्यानं नखातली माती झटकली. मी त्याच्याकडे अशी बघत होते की माझ्या डोळ्यांतून शब्द काढून त्याच्या तोंडात घालता आले तर बरं. काहीही बोलला असता तरी चाललं असतं. चुकलं म्हणाला असता तरी. शेवटी तो म्हणाला, “म्हटलं, आत्या बघतीये काय ते.”

अक्कानं मान डोलावली, जणू एखाद्या गिऱ्हाइकानं माप सांगितलं आणि तिनं ते लिहून घेतलं. मग ती आत्याबाईंच्या पाया पडली. उठून म्हणाली, “मला नाही जमणार. तुम्ही वाईट नाही. पण मला नाही जमणार.”

दादा तिला समजवायला पुढे झाले तर ती म्हणाली, “दादा, तुम्ही पण तेच केलंत.” दादा जागच्या जागी थांबले.

आत्याबाईंना राग येईल असं मला वाटलं होतं. आला नाही. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. म्हणाल्या, बरोबर आहे तुझं. आणि भाच्याला म्हणाल्या, चल. दोघं आमच्या आधी उतरले. दरवाजापाशी आम्ही पोचलो तेव्हा त्यांच्या चपला नव्हत्या, आमच्याच होत्या. अक्कानं आपल्या दोन्ही हातात घेतल्या आणि तशीच अनवाणी खाली निघाली.

उतरताना मी तिला काय बोलले ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. मी म्हटलं, एवढं चालून आलं होतं, एवढं पसंत केलं होतं, हो म्हणायला तुझं काय जात होतं? तुला कोण विचारणार आहे पुन्हा? आणि माझं काय? दादा पुढे होते, त्यांना ऐकू गेलं असेल, ते वळले नाहीत.

अक्का म्हणाली, “तुझं पुणं मी बघते.”

आणि बघितलं. जूनमध्ये मी पुण्याला गेले. दादांशी ती काय बोलली मला माहीत नाही, पण माझी ट्रंक तिनंच भरली. त्यानंतर तिनं कोणाला घरी बघायला येऊ दिलं नाही. दुकानात जायला लागली, आधी काजं-बटणं, मग कटिंग. दादा थकल्यावर दुकान तिचंच झालं. दुकानातल्या मोठ्या आरशासमोरून दिवसभर ये-जा करायची. तिची एक सवय साऱ्या पेठेला ठाऊक होती. माप घेताना ती गिऱ्हाइकाला सरळ सांगायची, तुमचा डावा खांदा उतरतोय, झाकू की राहू दे? पहिल्यांदा लोक चपापायचे. मग बरेच जण म्हणायचे, राहू दे. लग्न तिचं झालं नाही. तिला त्याचं वाईट वाटलं का? कधी कधी वाटलं असेल. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

फलटणहून मात्र दरवर्षी दिवाळीआधी आत्याबाईंचं झंपराचं कापड यायचं, एस.टी.च्या पार्सलनं. सोबत मापाचा जुना झंपर आणि चिठ्ठी, “कुमुदच्या हातचं”. अक्का शिवून पाठवायची. त्या गेल्या त्या वर्षापर्यंत.

जाड तळव्याची ती चप्पल पुढे परसातल्या दाराला अडकण म्हणून वापरात होती. मी माहेरी आले की तिला ठेचकाळायचे.

गेल्या माघात मी साताऱ्याला गेले होते. आता मी पासष्ट ओलांडलीये, नोकरीतनं कधीच सुटले, आणि माझा उजवा गुडघा गेल्या दोन वर्षांत पार कामातून गेलाय. अक्का सत्तरीची, पण टुणटुणीत. म्हणाली, चल, मंगळाईला जाऊ. मी म्हटलं, मला कुठं चालवतंय. ती म्हणाली, दरवाजापर्यंत रिक्षानं जाऊ, पुढं बघू.

दरवाजापाशी उतरल्यावर तिनं चपला काढल्या. मी बघत राहिले. ती म्हणाली, मी नेहमी काढते इथं, आत्याबाईंची ती रीत मला आवडली. मग मीही काढल्या. गुडघ्यावर हात ठेवून मी पायऱ्या चढायला लागले, उजवीकडे खचत, वर येत. ती मागे होती, माझा तोल गेला तर धरायला. चार-पाच पावलं गेले असेन, तेव्हा मागनं तिचा आवाज आला.

“शशे, आता खरं सांग. मी अशी दिसते होय गं?”

मी थांबले. वळायला वेळ लागला. ती खाली कमरेवर हात ठेवून उभी होती, आणि तिच्या मागे सगळं गाव.

“हो,” मी म्हटलं. “अगदी अशीच.”

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, गिऱ्हाईक बघावं तसं.

“मग बरी दिसते की,” ती म्हणाली. “दादांनी उगाच त्या परकराला कापड घातलं.”